देवाचा सालदार

आमच्या खानदेशात सालदाराचा हिशेब आखाजीला होतो. शहरातल्या वाचकांसाठी सांगतो, आखाजी म्हणजे अक्षय तृतीया आणि सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राबणारा गडी. सकाळी घागर भरली, पितरांना जेवू घातलं, की माझे वडील ओट्यावर घोंगडी टाकून बसायचे. समोर सालदार, बाजूला दोन जाणती माणसं. रोख उचल किती गेली, दादर किती पायली गेली, खाडे किती पडले, कपड्यांचा जोड दिला की राहिला, सगळं मोठ्यानं बोलून व्हायचं. ज्याचं देणं निघेल त्यानं तिथंच द्यायचं. वडील म्हणायचे, "ज्यानी वरीसभर काम कयं त्यानं देणं ठेवं तं वावर पिकत नही."

सालदारकी फार पवित्र होती असं मी म्हणत नाही. उचलीच्या पैशात पिढ्या अडकवून ठेवणारे मालक मी पाहिलेत. पण निदान वर्षातून एक दिवस हिशेबाचा होता.

गावाचा आणखी एक सालदार असतो. तो काकड्याला उठतो, पोरांना टाळ धरायला शिकवतो, मयताच्या घरी दहा दिवस जाऊन बसतो, पाऊस नसला तरी पावसाचा अभंग म्हणतो. कुठं त्याला बुवा म्हणतात, कुठं गुरव, कुठं पेशइमाम, कुठं पाळक. त्याचा हिशेब कोणत्या आखाजीला होतो? माझं भांडण एवढंच आहे. ते माझ्या गावाशी आहे, तुमच्या गावाशी आहे आणि सगळ्यात आधी माझ्याशी आहे. कारण गावच्या सप्ताह कमिटीचा खजिनदार अकरा वर्षं मी होतो आणि वह्या अजून माझ्याच पेटीत आहेत.

आमचं गाव अमळनेर तालुक्यात, धुळ्याकडच्या अंगाला. बुवांचं नाव लिहीत नाही, त्यांना ते आवडलं नसतं. जातीनं शिंपी, म्हणजे नामदेवरायांच्या घरचे. तरुणपणी दोन पावसाळे आळंदीला राहून, माधुकरी मागून शिकून आले. जोग महाराजांनी १९१७ साली तिथं वारकरी शिक्षण संस्था काढली, तिचा वारा खानदेशातल्या खेड्यांपर्यंत आला तो असा, एकेका गरीब पोराच्या पायांनी. गावात आल्यावर बुवांनी पायाचं शिलाई मशीन घेतलं. दिवसा कोपऱ्या, बंड्या, शाळेच्या खाकी चड्ड्या शिवायच्या आणि संध्याकाळी देवळात हरिपाठ. कीर्तनाचा एक पैसा घेतला नाही. कुणी खिशात घालू लागलं तर म्हणायचे, "माले मशीन शे ना!"

मी त्यांना पहिल्यांदा नीट पाहिलं ते १९७२ च्या दुष्काळात. मी तेरा वर्षांचा. पाझर तलावाच्या कामावर आई-वडील खडी फोडायला जायचे आणि आम्ही पोरं सुकडी मिळते म्हणून मागं मागं. कपडे शिवून घ्यायला कुणाकडे पैसा नव्हता, म्हणून बुवाही खडी फोडत होते. दुपारच्या सुट्टीत माणसं बाभळीच्या तुटक्या सावलीत पडायची. बोलायला कुणाला जोर नसायचा. बुवा उभे राहायचे आणि दगडावर दगड वाजवून अभंग धरायचे. पहिल्या दिवशी कुणी साथ दिली नाही. आठवड्यानं सगळा मुकादमाचा गट म्हणत होता. माझी आई पुढं म्हणायची, त्या वर्षी पोट सुकडीवर भरलं आणि डोकं ठिकाणावर राहिलं ते बुवांमुळं. मी दहावीपर्यंत शिकलो, १९७५ च्या दहावीच्या पहिल्या बॅचमधला. पण मला वाचनाची गोडी शाळेनं लावली नाही. ती लागली देवळात, बुवा ज्ञानेश्वरी समोर ठेवून ओवीवर बोट फिरवायचे तिथं.

गावाच्या खालच्या अंगाला भिल्ल वस्ती आहे. तिथं मयत झालं तर वरच्या आळीतलं कुणी जायचं नाही. बुवा जायचे, विणा घेऊन. एकदा वरच्या आळीतल्या जाणत्यांनी त्यांना विचारलं, बुवा, तोच विणा मग देवळात कसा आणता? बुवांनी विणा त्यांच्यासमोर धरला आणि म्हणाले, कोठे बाटला ते दाखवा, तेवढी तार बदलतो. पुढं कुणी विचारलं नाही.

गावात एका शेतकऱ्यानं औषध घेतलं. आमच्याकडे फवारणीच्या विषाला औषधच म्हणतात. पाहुणे आले, पुढारी आले, चौकशीला साहेब आले. तेराव्यानंतर सगळे गेले. त्या घरी नववीतलं पोर होतं, ते बोलायचं बंद झालं. बुवा रोज दिवेलागणीला त्या घरी जाऊन ओट्यावर बसायचे. उपदेश नाही, काही नाही. पोराला म्हणायचे, सुईत दोरा ओवून दे रे, मला दिसत नाही. चार महिने रोज. ते पोर आज सुरतेला कामाला आहे, संसार चांगला चालला आहे. या चार महिन्यांची नोंद कोणत्याही वहीत नाही.

आता वहीत काय आहे ते सांगतो.

२०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीनं कापूस खाल्ला. तरी २०१८ च्या चैत्रात हनुमान जयंतीचा सप्ताह आम्ही दणक्यात केला. घरटी वर्गणी, वरून बाहेरगावच्या नोकरदारांचे पैसे. मांडव, साऊंड, मोठा पडदा, शेवटच्या दिवशी वरण-बट्टी आणि गंगाफळाच्या भाजीचा महाप्रसाद. एका मोठ्या कीर्तनकाराच्या दोन तासांचे ६१ हजार रुपये माझ्या हातानं पाकिटात घातले. तारीख मिळावी म्हणून त्यांच्या माणसाला वर्षभर आधी फोन करत होतो. त्याच सप्ताहात 'ज्येष्ठ विणेकरी' म्हणून आमच्या बुवांचा सत्कार झाला. शाल, टोपी आणि नारळ मिळून खर्च २८० रुपये. शाल घातली एका पुढाऱ्यानं, त्यांना बुवांचं नाव चिठ्ठीवर लिहून द्यावं लागलं. फोटो झाला.

रात्री मी बुवांना हात धरून घरी सोडायला गेलो. ओट्यावर बसून त्यांनी शाल काढली, घडी घातली आणि म्हणाले, "भो, शालनं काय करू? आते उन्हाया शे. माना डोया दखाड कोठे तरी."

डोळे दाखव. दिवाळीपासून ते हेच म्हणत होते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. सुईत दोरा ओवणं तर केव्हाच गेलं होतं, मशीनवर गोधडी पडली होती. मी म्हणायचो, कापूस वेचणी होऊ द्या बुवा. मग अळी आली. मग म्हणालो, सप्ताह होऊ द्या. मोतीबिंदूचं ऑपरेशन सरकारी शिबिरात फुकट होतं. वर्गणी लागत नव्हती, पावती लागत नव्हती. लागत होता एक माणूस आणि त्याचे दोन-तीन दिवस. साडेपाच लाखांचा सप्ताह उठवणाऱ्या आमच्या गावाकडे तेवढं निघालं नाही.

ज्येष्ठात एका पहाटे वीज गेलेली होती. बुवा नेहमीसारखे देवळात निघाले. जुन्या खडबडीत दगडी पायऱ्या काढून आम्ही देणगीतून चकचकीत ग्रॅनाईट बसवला होता. बुवा त्यावरून पडले, खुबा मोडला. धुळ्याला नेलं, डॉक्टरांनी करायचं ते केलं, पण त्या वयात अंथरूण धरलेला माणूस उठत नाही. कार्तिकी एकादशीच्या आधी गेले. अंत्ययात्रेला सगळा गाव होता. चौकात श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागला. त्यावर बुवांचा फोटो मधे आणि भोवती चौदा पुढाऱ्यांचे. फ्लेक्सचे १८०० रुपये झाले, तेही वहीत आहेत.

हे मी बोललो की लोक मला उत्तरं देतात. ती उत्तरं साधी नाहीत, म्हणून एकेक घेतो.

पहिलं उत्तर तुकोबांचं. जाणते वारकरी म्हणतात, कीर्तनकारानं पैसा घ्यायचाच नसतो, तुकोबांनी सांगून ठेवलंय. खरं आहे. कीर्तन करायचं त्या गावचं अन्न खाऊ नये, कपाळाला बुका लावून घेऊ नये, गळ्यात माळ घालून घेऊ नये, बैलांना वैरणसुद्धा मागू नये, इतकं कडक त्यांनी सांगितलं. आणि पैसा घेणारा व देणारा दोघेही नरकात जातात असंही सांगितलं. मग माझा प्रश्न आहे, ६१ हजारांचं पाकीट देताना तुकोबा कुठे जातात? तिथं त्यांची आठवण निघत नाही. आठवण निघते ती बुवांच्या औषधपाण्याची वेळ आली की. ज्यानं तुकोबांचं ऐकलं तो उपाशी आणि ज्यानं ऐकलं नाही त्याला पाकीट, हा कुठला वारकरी धर्म? तुकोबांनी कीर्तनाची किंमत घेऊ नये म्हटलं. म्हाताऱ्या माणसाला दवाखान्यात नेऊ नये असं त्यांनी कुठंही म्हटलेलं नाही. खुबा मोडलेल्या म्हाताऱ्याच्या उशाशी बसणं ही बिदागी नव्हे, ती माणुसकी आहे.

दुसरं उत्तर पोरांचं. कमिटीतला एक चांगला, शिकलेला पोरगा मला म्हणाला, "काका, बुवांच्या कीर्तनाला चाळीस माणसं असायची. मोठ्या महाराजांना चार हजार येतात. चार हजार आले म्हणून देऊळ उभं राहिलं." हेही खोटं नाही. मोठ्या कीर्तनकारांमध्ये अभ्यासू माणसं आहेत, त्यांच्यामागं गायक-वादकांची दहा पोटं असतात, गाडीला डिझेल लागतं. त्यांना बोलवू नका असं मी म्हणत नाही. पण त्या चार हजारांतले किती जण दुसऱ्या दिवशी औषध घेतलेल्याच्या घरी गेले? गर्दी एक रात्र येते. गावाला माणूस लागतो तो उरलेल्या तीनशे चौसष्ट रात्री. आपण एका रात्रीचं मोल देतो आणि बाकीच्या फुकट धरतो. शेतात असं केलं असतं तर सालदार केव्हाच सोडून गेला असता.

तिसरं उत्तर माझ्या घरातलंच आहे. माझे आजोबा सत्यशोधक विचाराचे. १८७३ साली महात्मा फुल्यांनी सत्यशोधक समाज काढला, त्याचं वारं आमच्या खानदेशातही आलं होतं. आजोबांनी माझ्या आत्याचं लग्न भटजीविना लावलं. आमचे एक नातलग त्याच वळणावर मला विचारतात, देवाच्या दलालांचे कसले सत्कार करता? शेकडो वर्षं त्यांनीच लुटलं.

त्यांना मी म्हणतो, लुटलं हे मान्य. पंढरपूरचंच बघा. ज्या विठोबाला आम्ही बापाच्या जागी मानतो, त्याच्या दारात आमच्यातल्याच कितीक जणांना जाता येत नव्हतं. ते दार उघडायला अमळनेरच्या शाळेत शिकवलेले आमचे साने गुरुजी १९४७ च्या मे महिन्यात उपोषणाला बसले. पुजाऱ्यांचं काम काय असतं? देवाच्या दारात माणसाला आणून सोडणं. ते त्या वेळी एका मास्तरानं केलं. बडव्या-उत्पातांचे वंशपरंपरागत हक्क कायमचे संपले असं २०१४ साली सुप्रीम कोर्टानं सांगितलं, तेव्हा आमच्या देवळात बुवांनी पेढे वाटले होते. म्हणून मी कपड्याला हात जोडा म्हणत नाही. गंध, दाढी, भगवा, पांढरा झगा, काही असो, त्याखालचा माणूस कुणाच्या उपयोगी पडला ते बघा. दार अडवणारा आणि दार उघडणारा यांना एकाच मापानं मोजलं, तर लुटणाऱ्यांचं फावतं. राबणाऱ्याला मान मिळत नाही म्हणूनच भपक्याला मिळतो.

आणि राबणारे होते, आहेत. गाडगेबाबांचं नाव आपण घेतो. दिवसा हातात खराटा, रात्री कीर्तन. पाया पडू द्यायचे नाहीत. पंढरपूर, नाशिक, आळंदीला धर्मशाळा उभ्या केल्या आणि स्वतः खापरात भाकर खाल्ली. १९५६ च्या डिसेंबरात ते गेले. सरकारनं त्यांच्या नावानं ग्रामस्वच्छता अभियान काढलं, चांगलं केलं. पण बक्षिसापुरता झाडलेला रस्ता पाहणीची गाडी गेल्यावर कसा होतो, हे मी सांगायला नको.

आमच्या जुन्या पश्चिम खानदेशात, आता नंदुरबार जिल्ह्यात गेलेल्या तळोदा भागात, १९३० च्या दशकात गुलाम महाराज होऊन गेले. भिल्ल समाजातला माणूस. आरतीला हजारो आदिवासी जमायचे. दारू सोडा, स्वच्छ राहा आणि एकमेकांना 'आप' म्हणा, ही शिकवण. बाईला आप, लेकराला आप. ज्या माणसांना बाजारात सगळे अरेतुरे करायचे, त्यांना त्यांनी एकमेकांचा मान ठेवायला शिकवलं. सत्कार याला म्हणतात. याला शाल लागली नाही.

जळगावचा रामाचा रथ कार्तिकी एकादशीला निघतो. अप्पा महाराजांनी १८७२ साली तो सुरू केला. भिलपुऱ्यात लालशा बाबांच्या ठिकाणी रथ थांबतो, तिथं फुलं वाहिली जातात. अप्पा महाराज आणि लालशा बाबा यांची दोस्ती होती, ती दोघांनंतरही गावानं पाळली. दीडशे वर्षं. मी लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून ते पाहिलं आहे. आपल्या देवाची सेवा करणारा दुसऱ्याच्या देवाच्या सेवकाला ओळखतो, हे मला त्या दिवशी कळलं नाही, पुढं कळलं.

नवापूरच्या बाजूला माझी मावशी दिलेली होती. तिच्या पाड्याजवळ एक ख्रिस्ती पाळक राहायचे, मराठीत प्रार्थना घेणारे, सायकलवर फिरणारे. मावशीचं घर माळकरी, पण बाळंतपणात अडलेल्या सुनेला रात्री बैलगाडीत घालून दवाखान्यात नेलं ते त्यांनीच. कधी म्हणाले नाहीत, आमच्या देवाकडे या. म्हातारपणी त्यांना तिथल्या लोकांनी आळीपाळीनं घरी जेवायला घातलं, मावशीच्या घरची पाळी मंगळवारी असायची. मी विचारलं, तुमचा धर्म वेगळा ना? मावशी म्हणाली, "भूकले कोनता धरम रे भो?"

हे सगळं बघून मला जुन्या बलुत्याची आठवण येते. खळ्यावर रास झाली की गुरवाचा वाटा आधी निघायचा. बलुत्यात मोठा अन्याय होता. त्याच खळ्यावर काही माणसांना दूर बसून पदर पसरावा लागायचा. ती पद्धत गेली हे बरं झालं. पण बलुतं गेलं तेव्हा गुरवाचं पोट कशावर चालणार, हे आपण ठरवलंच नाही. आज आमचा गुरव सकाळी देऊळ झाडतो, पूजा करतो आणि नंतर अमळनेरला हमालीला जातो. त्याचं पोर म्हणतं, मी हे करणार नाही. त्याचं काय चुकलं?

कुणी म्हणतं, सरकार बघेल. सरकारचं ज्येष्ठ कलावंतांचं मानधन आहे, ते आता महिना पाच हजार झालं आहे, कीर्तनकारांनाही मिळतं. आषाढी वारीच्या दिंड्यांना २०२४ पासून वीस-वीस हजार मिळू लागले. मशिदीतल्या इमामांना मेहनताना द्यावा असं सुप्रीम कोर्टानं १९९३ सालीच वक्फ बोर्डांना सांगितलं. घ्यावं, जरूर घ्यावं. पण बुवांसाठी मी मानधनाचा अर्ज भरायला बसलो तेव्हा कला केल्याचे पुरावे मागितले होते. फोटो, पत्रिका, कात्रणं, प्रमाणपत्रं. सप्ताहाच्या आमच्या पत्रिका काढून पाहिल्या. पंचवीस वर्षांच्या पत्रिकांत पुढाऱ्यांची नावं होती, मंडपवाल्याचं नाव होतं, साऊंडवाल्याचं होतं. खाली बारीक अक्षरात 'विणेकरी, टाळकरी व समस्त गावकरी'. बुवांचं नाव आम्हीच कधी छापलं नव्हतं. सरकारला काय तोंडानं दोष देऊ?

म्हणून माझं मागणं सरकारकडे नाही, गावाकडे आहे. ते सरळ लिहितो.

सप्ताह, उरूस, नाताळ, जयंती, जे काही तुमच्या गावात होतं त्याच्या जमेतला दहावा हिस्सा आधी बाजूला काढा. तो गावातल्याच धर्मसेवकांसाठी, आणि सगळ्यांसाठी. आमच्या गावात मशीद आहे, पेशइमाम बाहेरगावचे आहेत, त्यांच्या पोटाची चिंता त्यांच्या जमातीनंच का करावी? कोरोनात गावच्या मयतांना हात लावायला नातेवाईक येत नव्हते तेव्हा खड्डे आणि सरणं दोन्हींसाठी त्यांनी पोरं आणली होती.

त्या पैशाचा हिशेब आखाजीला, ओट्यावर, सगळ्यांसमोर करा. कुणी काय सेवा केली तेही तिथंच बोला आणि वहीत लिहा. आणि ज्यानं सेवेच्या नावाखाली लुबाडलं, बाईमाणसाशी वाईट वागला, देवाचा पैसा घरी नेला, त्याचंही तिथंच बोला. हिशेब म्हटला की दोन्ही बाजू आल्या.

वय झालेल्या सेवकामागं एक माणूस नेमा. डोळे, दात, रक्तदाब, कागदपत्रं त्यानं बघायची. यात पैसा थोडा, माणूस जास्त लागतो.

काल्याचं कीर्तन गावच्या माणसाला द्या. बाहेरचे महाराज मधल्या दिवसांत येऊ द्या. पत्रिकेवर विणेकऱ्याचं नाव वर छापा. शाल घालायचीच असेल तर ज्याच्या घरी तो सेवक दुःखात येऊन बसला त्या घरच्यानं घालावी. पुढाऱ्यानं खाली बसून बघावं.

आणि त्यांच्या घरच्या बाईचं विसरू नका. आमच्या बुवांच्या बायकोला आम्ही माय म्हणतो. हरिपाठाला येणाऱ्या पोरांना चाळीस वर्षं तिनं भाकरी करून घातल्या. मशीनवर बसून काज-बटणं तीच करायची, तेव्हा बुवांना विणा घेऊन बाहेर पडता यायचं. बुवांच्या सत्काराच्या दिवशी ती मांडवाच्या मागं बायकांत बसली होती. तिला पुढं बोलवावं हे माझ्यासकट कुणालाही सुचलं नाही.

हे मी कमिटीत मांडलं. दोन बैठका भांडणात गेल्या. दहावा हिस्सा काही मान्य झाला नाही. मान्य झालं ते एवढंच: गुरवाला महिना दोन हजार, पेशइमामांना सणाला धान्य आणि पत्रिकेवर विणेकऱ्याचं नाव. मोठ्या महाराजांचं पाकीट मात्र ७५ हजारांवर गेलं. मी खजिनदारकी सोडली. काही म्हणाले, म्हातारा रुसला. रुसलो नाही, आता दोन्ही बाजूंनी सह्या करणं जमत नाही.

गेल्या आखाजीला मी पितरांच्या घागरीबरोबर एक घागर बुवांच्या नावानं भरली. वर डांगर ठेवलं, सांजोरीचा नैवेद्य दाखवला. माझी नात म्हणाली, आजोबा, ते तर आपले भाऊबंद नव्हते. मी म्हटलं, देणं बाकी आहे. पण मेलेल्या माणसाची घागर भरणं सोपं असतं बाबा, तो डोळे दाखव म्हणत नाही.

माय अजून आहे. परवा ओट्यावर दाणे निवडत होती आणि खडा दाण्यात टाकत होती, दाणा खड्यात. मी म्हटलं, माय, दिसत नाही का? म्हणाली, "धुकं धुकं दखास भो, पन तुमनं काम शे ना कापसानं, होऊ द्या." तेच शब्द. माझेच शब्द माझ्याकडे परत आले. मी घरी येऊन मुलाला सांगितलं, सोमवारी वेचणीला मी नाही. तो म्हणाला, मजूर मिळत नाहीत, कापूस वावरात उभा आहे. म्हटलं, राहू दे उभा.

सोमवारी मी मायला घेऊन धुळ्याला चाललो आहे.